वयनी, तोंड झाक

माझे चुलते भगत होते. सुपात तांदळाचे दाणे टाकून कोणाला काय बाधलं आहे ते सांगायचे. ते सूप लहानपणी मीच धरायचे. दाणे जोडीने येणार की एकटा उरणार, हे त्यांच्या अंगठ्यावर कसं असतं ते मी इतक्या जवळून पाहिलं आहे की भुताखेताचं, अंगात येण्याचं मला पुढे कधीच खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही... एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट मी आमच्या ह्यांच्याशिवाय कोणाला सांगितलेली नाही. आमची बुधी वाचनालयातून एक साप्ताहिक आणते. त्यात लोकांनी लिहून पाठवलेले असले अनुभव असतात. ती मोठ्याने वाचते आणि मग विचारते, "मामी, तुला कधी असं झालंय?" मी नाही म्हणते. पण परवापासून ती शाळेत गेली की मी तिच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसते. पाठवायचं की नाही ते ठरवलेलं नाही. मी चौथी शिकलेली आहे. चुकलं तर समजून घ्यावं.

बुधी माझ्या नणंदेची मुलगी. नणंदेचं नाव यमुना. तिला सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर दिली होती. आम्ही जव्हारच्या बाहेर, मोखाड्याच्या रस्त्याला राहतो. तिथेच ह्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. हे नाशिकला काम शिकून आलेले. मदतीला माणूस ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचं काम माझं. मला ते आवडायचं. लोखंडाशी बोलावं लागत नाही. मी मुळातच बुजरी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. सासरी मला पहिली दोन वर्षं 'मुकी'च म्हणायचे. एकट्या यमुनेने कधी म्हटलं नाही. ती मला 'वयनी' म्हणायची. वहिनी नाही, वयनी. आमच्या पाड्यावरच्या बोलीत तसंच म्हणतात, पण तिच्यासारखं लांबवून कोणी म्हणत नसे.

बुधी बुधवारी जन्मली, म्हणून बुधी. सकाळी सुईणीने सोडवलं, बाळ चांगलं रडलं, पण यमुनेचं रक्त थांबेना. निरोप आला तसे हे आमची जुनी डिझेलची जीप घेऊन निघाले. मीही गेले. चैत्राचे दिवस. सूर्यमाळला त्या दिवसांत हंडाभर पाण्यासाठी बायका कोसभर जातात. रेडिएटरचा कॅन अर्धाच भरून मिळाला. यमुनेला मागच्या बाकावर आडवी केली, डोकं माझ्या मांडीवर. समोर सुईण बाळाला घेऊन बसली.

मोखाडा सोडून नदीचा पूल ओलांडला की जव्हारकडे चढ लागतो. त्या चढाला जीप पहिल्या गिअरवर रांगायला लागली. बाहेर माणूस चालला असता तर आमच्या पुढे गेला असता. निम्म्या चढावर वाघदेवाचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला उभा दगड. त्याच्या अलीकडच्या वळणावर रेडिएटरमधून वाफ उसळली आणि गाडी थांबली. अर्धा कॅन ओतला, तो पुरला नाही. हे कॅन घेऊन खाली नदीकडे पळाले.

आम्ही बायका गाडीतच. जीपला एका बाजूने ताडपत्री नव्हती, ऊन सरळ यमुनेच्या डोळ्यांवर यायचं. ती म्हणाली, "वयनी, तोंड झाक."

मी झाकलं नाही. आमच्यात जित्या माणसाच्या तोंडावर कापड घालत नाहीत. ते मेलेल्याचं करायचं असतं. मी म्हटलं, "असं अभद्र नको बोलू गं." हाताची सावली धरली. पण हात केवढासा असतो! थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "वयनी, झाक ना..." मी झाकलं नाही.

हे पाणी घेऊन वर आले तेव्हा ती गेलेली होती. मग ह्यांनी खांद्यावरचा पंचा दिला आणि आम्ही तिचं तोंड झाकलं.

तिच्या नवऱ्याने पुढे दुसरं लग्न केलं. बुधी आमच्याकडे राहिली.

त्यानंतर ह्यांनी त्या चढाशी जणू वैर धरलं. बोलायचे नाहीत, पण रेडिएटर मोठा बसवला, पंप काढून नीट केला, टायर बदलले. तरी माणसं भरली की जीप त्या वळणावर पहिल्या गिअरवर यायचीच. कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर हे भाडं घ्यायचे नाहीत, पण घरी आले की जेवायचेही नाहीत. म्हणायचे, "आज पण रांगली."

दोन वर्षांनी ते मुंबईला जुन्या मालाच्या बाजारात गेले आणि एक खोकं घेऊन आले. म्हणाले, "टर्बो." मी ऐकलं टरबूज. म्हटलं, "एवढं लहान?" दोन वर्षांत ते पहिल्यांदा हसले. पुढे सगळ्या जव्हारभर ती गंमत झाली. ड्रायव्हर लोक येता-जाता ओरडायचे, "मिस्त्री, टरबूज पिकलं का?"

दिसायला ते गोगलगाईसारखं होतं. आत दोन बाजूंना दोन पंखे, मध्ये एक दांडी. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो आणि दुसरा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो, की गाडीला चढाला जोर येतो. एवढं ह्यांनी मला समजावलं. विकणाऱ्याने ह्यांना सांगितलं होतं, "उस्ताद, ये बॉल-बेअरिंगवाला है. फूंक मारो तो घूमेगा." मी फुंकर मारली. खरंच फिरला. कितीतरी वेळ फिरत राहिला, आवाज न करता. त्याने आणखी एक गोष्ट बजावली होती. चढ चढून आलं की इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं, नाहीतर आतलं तेल जळून बेअरिंग जातं.

जीपसाठी तो बनवलेला नव्हताच. धुराड्याला जोडायची पट्टी ह्यांनी वेल्डिंग करून घेतली. तेलाची नळी इंजिनातून काढून टर्बोच्या डोक्यावर आणायची होती. सगळे भाग धुवायला माझ्याकडे आले. टर्बोच्या तोंडांवर लाल प्लॅस्टिकची बुचं होती, धूळ जाऊ नये म्हणून. ती काढून टाकली. तेलाची नळी जिथे बसते त्या जोडात मात्र एक पितळी तुकडा होता, हरभऱ्याएवढा. त्याला मधोमध भोक, इतकं बारीक की नाकात घालायच्या चमकीची काडी जेमतेम जाईल.

खोक्यात एक कागद होता, इंग्रजी. शेजारी भाड्याने राहणारे गुरुजी तो वाचायला आले. त्या पितळी तुकड्याच्या चित्राकडे बाण होता. गुरुजींनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे तेलाला अडवणारं आहे, असं लिहिलंय."

हे म्हणाले, "अडवणारं? मग तेही बूचच की. वाटेत तेल सांडू नये म्हणून घातलं असेल."

"असेल बुवा. मिस्त्री तुम्ही, मी नाही."

"तेल म्हणजे इंजिनाचा जीव, गुरुजी. तो अडवून कसं चालेल?" आणि ह्यांनी तो तुकडा काढून बाजूला टाकला.

मी तिथेच होते. हात रॉकेलच्या परातीत. मला त्याच क्षणी वाटलं, हे बूच नाही. फेकायच्या बुचाला पितळ कोण वापरतं? आणि फेकायच्या वस्तूला इतकं बारीक भोक कोण पाडतं? मला आमच्या स्टोव्हचं निपल आठवलं. त्याचं भोक पिन घालून घालून मोठं झालं की स्टोव्ह भडकतो. ते निपलही रॉकेल अडवतंच की! थोडं थोडं सोडण्यासाठीच अडवतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, शब्द जुळलेसुद्धा. पण समोर शिकलेले गुरुजी, आणि हे इतक्या दिवसांनी खुशीत... मी बोलले नाही. तुकडा उचलून पदराच्या गाठीत बांधला. म्हटलं, गुरुजी गेले की सांगू. गुरुजी गेले, मग दुसरं गिऱ्हाईक आलं, मग स्वयंपाक होता. न बोलणाऱ्या माणसाला कारणं पुष्कळ मिळतात.

चार दिवसांनी जीप तयार झाली. एअर फिल्टरचा डबा नव्या जोडाला बसत नव्हता, त्यामुळे टर्बोचं हवा ओढायचं तोंड उघडंच होतं. ह्यांनी त्यावर मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधला. आमच्या भागात गाडीला नवं काही केलं की वाघदेवाला दाखवायचं असतं. मी जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ताटात भात, गूळ, नागलीची भाकरी आणि नारळ घेतला. बुधीला घरी एकटी कशी ठेवणार, ती बरोबर. मागे ह्यांनी सहा माणसांच्या वजनाचे दगड भरले होते. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. कडक ऊन होतं. मुद्दाम लिहिते, कारण असल्या गोष्टी लोक अंधारातल्या सांगतात.

पुलापर्यंत उतरलो, गाडी वळवली आणि चढाला लागलो. जीपमधून एक शीळ यायला लागली. बारीक, मग मोठी. आणि गाडीने अशी ओढ घेतली की मी बुधीला घट्ट धरलं. ते वळण आलं. मी ह्यांच्या हाताकडे बघत होते. हात गिअरच्या दांड्यावर होता, पण हलला नाही. दुसऱ्या गिअरवर आम्ही ते वळण पार केलं. मागे निळसर धूर खूप होता. तो मी पाहिला, आणि तेव्हाही बोलले नाही.

वाघदेवासमोर थांबलो. तिथे प्रत्येक गाडीवाला इंजिन बंद करतो. देवासमोर घरघर नको, ही जुनी रीत. पण ह्यांना दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं होतं. हे देवाकडे बघून म्हणाले, "दोन मिन्टं बाबा. गरम आहे." मी ताट घेऊन उतरले.

दोन मिनिटं झाली असतील. ह्यांनी डिझेल बंद करायचा खटका ओढला. इंजिन मंदावलं... आणि मंदावता मंदावता पुन्हा वर उठलं. खटका ओढलेला, किल्ली हातात, आणि इंजिन आपलं आपण चढत चाललेलं. शीळ नव्हती आता, किंकाळी होती. धुरात वाघदेव दिसेनासा झाला. ह्यांनी गिअरमध्ये टाकून क्लच सोडला, ब्रेकवर उभे राहिले, तर जळका वास आला आणि दगड भरलेली जीप दरीच्या बाजूला हातभर सरकली. मग त्यांनी गिअर काढला, बुधीला उचलून लांब बांधावर नेऊन ठेवलं. परत आले, बॉनेट उघडलं, पान्याने डिझेलची नळीच सोडवली. डिझेल जमिनीवर सांडलं. तरी इंजिन चालूच!

इंजिन असं सुटलं की शेवटी फुटतं आणि आतलं लोखंड गोळीसारखं बाहेर येतं, हे मला नंतर कळलं. ह्यांना ते तेव्हाच माहीत होतं. आणि तरी ते त्याच्यावर वाकलेले होते. मी दोन हात अंतरावर उभी, ताट धरून. ह्यांचं तोंड माझ्याकडे वळून उघडझाप करत होतं, पण काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की माझ्या पदराच्या गाठीत ती वस्तू आहे आणि हा माणूस माझ्यासमोर जाणार आहे.

तेवढ्यात कोणी तरी म्हणालं, "वयनी, तोंड झाक."

ओरडून नाही. दमलेल्या माणसाने हळू म्हणावं तसं. आणि तो आवाज कानाच्या उंचीवरून आला नाही. खालून आला. मांडीवर डोकं ठेवून कोणी बोललं तर जिथून येईल, तिथून. मी खाली पाहिलंसुद्धा. खाली माती होती.

पुढचं मी केलं असं मला म्हणवत नाही. ताटातला नैवेद्य सांडला, नारळ गडगडत गेला. मी ह्यांच्या हाताखालून वाकले आणि ताट टर्बोच्या त्या उघड्या तोंडावर दाबलं. मच्छरदाणीचा तुकडा केव्हाच आत ओढला गेला होता. ताट माझ्या हातातून हिसकल्यासारखं तिथे जाऊन चिकटलं, मधोमध आत वाकलं. इंजिन दोनदा गचकलं, सगळी जीप हादरली, आणि थांबलं.

इतकं शांत झालं की बांधावर बुधी मुसमुसत होती ते ऐकू आलं.

हे खाली बसले. म्हणाले, "तुला कोणी सांगितलं हे?"

मी पदराची गाठ सोडली आणि पितळी तुकडा त्यांच्या पुढ्यात धरला. म्हटलं, "हे बूच नव्हतं. स्टोव्हच्या निपलासारखं आहे. तेव्हाच वाटलं होतं."

"वाटलं होतं? मग तोंड नव्हतं का तुला?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "तोंड वेळेवर उघडलं असतंस, तर आज झाकायची वेळ आली नसती."

ते इंजिनाबद्दलच बोलत होते. यमुनेचं मागणं मी त्यांना कधी सांगितलेलंच नव्हतं. मी त्या जागी रडले, आणि त्यांना वाटलं त्यांच्या बोलण्याने रडले.

पुढे नाशिकचा एक डिझेलचं काम करणारा मिस्त्री येऊन गेला. त्याने सांगितलं की बॉल-बेअरिंगच्या टर्बोला तेल अगदी थोडं लागतं. नळी मोकळी सोडली तर तेल आतून गळून हवेच्या वाटेने इंजिनात जातं, आणि डिझेल इंजिन ते तेलच पिऊन चालायला लागतं. मग किल्ली, खटका काही कामाचं नाही. हवा कोंडणं हा एकच उपाय. ह्यांनी त्याला विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?" तो म्हणाला, "एक माणूस त्यात गेला तेव्हा."

तो गेल्यावर हे माझ्याजवळ भाग धुवायच्या परातीपाशी येऊन बसले. म्हणाले, "त्या दिवशी मी तुला चार वेळा हाक मारली. मागं हो, मागं हो म्हणून. दोन हात अंतरावरून. ऐकू आली?"

"नाही."

"माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता." मग म्हणाले, "तू मात्र खाली बघितलंस. कोणी बोलावल्यासारखं. मी पाहिलं."

तेव्हा मी सगळं सांगितलं. ऊन, ताडपत्री, दोनदा मागितलेलं आणि मी न झाकलेलं तोंड. शब्दही सांगितले. ह्यांनी हातातला पाना कितीतरी वेळ पुसला. म्हणाले, "वयनी असंच म्हणाली? लांबवून?" मी हो म्हटलं. ते उठून गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढलेला नाही.

गुरुजींना आवाजाचं सांगितलं नाही, ताटाचं सांगितलं. ते म्हणाले, "साधं आहे. कढईतलं तेल पेटलं की बायका झाकण ठेवतात. हातात ताट होतं, मनाने तेच सुचवलं." असेलही. मी स्वतः भगताचं सूप धरलेली बाई आहे, मला हे पटायला हवं. पण कढईचं सुचलं असतं तर मला 'झाकण ठेव' असं सुचलं असतं. माझं मन मला कधी वयनी म्हणत नाही.

तो पितळी तुकडा जागेवर बसवला. टर्बो अजून चालतो. पाड्यांवर लांबून शीळ ऐकू आली की लोक म्हणतात, मिस्त्रीची गाडी आली. ती पुन्हा त्या वळणावर कोणाला नेताना थांबली नाही. मीसुद्धा त्यानंतर वाटलेलं बोलून टाकते, गुरुजींसमोरही. आवाज थरथरतो, पण बोलते.

ताट मी मोडीत दिलं नाही. मधोमध वाकलेलं आहे, आणि त्यावर वाटीएवढा गोल वळ उठलेला आहे. बुधी विचारते, "मामी, हे कशाचं?" मी म्हणते, गाडीचं.

आता ती स्वतःच हे वाचेल. तिने विचारलं तर सांगायला माझ्याकडे काही नाही, कारण एक गोष्ट मलाच अजून कळलेली नाही. त्या दिवशी तिथे यमुना होती की नव्हती, हे मी सोडून दिलं आहे. पण होती असं धरलं, तर ती मला इंजिनाचं सांगत होती का? भावाला वाचव म्हणत होती का?... की दोन वर्षं त्याच वळणावर, त्याच उन्हात पडून, अजून आपलंच मागत होती, आणि मी आपली ताट घेऊन दुसऱ्याच तोंडाकडे गेले?